‘लाइन आली’ हा मेसेज सकाळी सहाला का आला? एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया वाचली तेव्हाच उत्तर लिहायला बसणार होतो, पण त्याआधी त्या रात्रीच्या नोंदी तपासून घेतल्या. म्हणून दोन दिवस उशीर झाला.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा भागात चाळीस डीप्यांवर, म्हणजे शेतांना वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर, आम्ही छोटी यंत्रं बसवली आहेत. मोटर चालायला लागणाऱ्या विजेच्या तिन्ही फेज आहेत की नाहीत, हे प्रत्येक यंत्र दर मिनिटाला कळवतं. त्या नोंदी काफ्कात, म्हणजे येणाऱ्या नोंदी रांगेत साठवून पुढच्या प्रोग्रामांना देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, येतात आणि त्यावरून शेतकऱ्यांच्या मोबाइलवर ‘थ्री फेज आली’ असं नोटिफिकेशन जातं. मागचा लेख त्यावरच होता. त्यावर तुम्ही लिहिलंत: “रात्री दहाची विजेची पाळी होती, लाइन आलीच नाही, म्हणून झोपलो. गावातला टॉवरही बंद होता. सकाळी सहाला मेसेज, तोही चारदा. खांद्यावर स्प्रिंकलरचे पाइप घेऊन वावरात गेलो, तर मोटरीच्या पेटीवरचा एकही दिवा लागलेला नाही. हरभरा तसाच राहिला. हे काफ्का-बिफ्का पाह्यजे कशाले? साधा एसएमएस टाकला असता तर भागलं असतं.”

चूक माझी आहे, भाऊ. तुम्हाला जो हेलपाटा पडला तो माझ्या प्रोग्रामामुळे पडला. त्याबद्दल मनापासून माफी मागतो. पण चूक नेमकी कुठे झाली, ते सांगणं मला गरजेचं वाटतं. एसएमएस टाकला असता तरी ती तशीच झाली असती.

काफ्कातल्या नोंदी वाचून झाल्या म्हणून पुसल्या जात नाहीत. वेगळं काही सांगितलं नाही तर सात दिवस जशाच्या तशा राहतात. तुमची प्रतिक्रिया पाचव्या दिवशी आली, म्हणून ती सगळी रात्र मला परत उघडून पाहता आली. तुमच्या डीपीवर २ वाजून १० मिनिटांनी तिन्ही फेज आल्या आणि ४ वाजून ४० मिनिटांनी गेल्या. तुमच्यासाठीचा मेसेज २:१४ला आमच्याकडून फायरबेसकडे, म्हणजे मोबाइलपर्यंत नोटिफिकेशन पोचवणाऱ्या गूगलच्या सेवेकडे, गेला. तोच २:२०ला पुन्हा गेला, २:२६ला पुन्हा, २:३३ला पुन्हा. तुमच्या मोबाइलवरून चारही मेसेजची पोच आली ती ६:०२ला, एकदम. टॉवर चालू झाला तो तेव्हाच.

म्हणजे मेसेज हरवला नाही. तो फायरबेसकडे वाट पाहत बसला होता. मी झोपेतून उठून चूक शोधावी अशी ही चूकच नव्हती, कारण यंत्रणेच्या हिशेबाने सगळं बरोबर झालं होतं. अँड्रॉइडचा मोबाइल नेटवर्कमध्ये नसेल तर फायरबेस मेसेज सांभाळून ठेवतो. किती वेळ ठेवायचा, हे पाठवणाऱ्याने सांगायचं असतं. नाही सांगितलं तर चार आठवडे. मी सांगितलं नव्हतं. ‘लाइन आली’ हे वाक्य अठ्ठावीस दिवस खरं राहील, असं मी न बोलता कबूल करून बसलो होतो.

माझ्या मते या कामातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे, आणि मागच्या लेखात मी ती लिहिलीच नाही. मेसेज पोचतो कसा यावर मी पानं भरली. तो खरा किती वेळ असतो, हा प्रश्न मी विचारलाच नाही. वर्तमानपत्र शिळं झालं तर माणूस बाजूला ठेवतो. इथे माणूस अंधारात चपला घालतो आणि निघतो. वाटेत रोही (नीलगायी) असतात, रानडुक्कर असतात, साप असतात. पोचायला उशीर झालेला मेसेज येण्यापेक्षा न आलेला बरा.

आता मुदत अर्ध्या तासाची केली आहे. ती दोन ठिकाणी घातली. एक फायरबेसला सांगितली. दुसरी आमच्याच प्रोग्राममध्ये आहे: पाठवण्याआधी तो नोंदीची मूळ वेळ पाहतो आणि अर्ध्या तासाहून जुनी असेल तर पाठवतच नाही. आमचाच सर्व्हर मागे पडला तर शिळा माल तिथेच थांबायला हवा. अर्धा तास झाल्यावर नेटवर्क आलं आणि लाइन अजून चालूच असेल, तर? त्यासाठी नेटवर्कमध्ये आल्यावर ॲप स्वतः विचारतं, ‘या डीपीवर आत्ता काय आहे?’ आणि जे आहे ते दाखवतं. मेसेजातही आता वेळ असते: ‘२:१०ला आली’.

चारदा का आला, ते वेगळं प्रकरण आहे. कापूस वेचताना गडी कोणत्या तासापर्यंत, म्हणजे झाडांच्या ओळीपर्यंत, वेचून झालं, याची खूण ठेवून जातो. न सांगता निघून गेला, तर दुसरा गडी बांधापासून पुन्हा सुरू करतो. काफ्कात तेच झालं. पाठवणारा प्रोग्राम एका वेळी पाचशेपर्यंत नोंदी उचलतो, सगळ्या पाठवून झाल्या की ‘इथवर झालं’ अशी खूण करतो आणि पुढच्या मागायला येतो. पाच मिनिटांत तो आला नाही तर काफ्का समजतो की हा गेला, आणि त्याचं काम दुसऱ्याला देतो. त्या रात्री सगळ्या डीप्यांवर लाइन एकदम आली, आठशेच्या आसपास मोबाइलना एकदम मेसेज निघाले, आणि आमचं इंटरनेट रडतखडत चालू होतं. एकेक मेसेज जायला पाऊण सेकंद धरला तरी पाचशेला सहा मिनिटं होतात. पहिला मेला नव्हता, फक्त हळू होता. दुसरा बांधापासून सुरू झाला, तोही हळूच, मग तिसरा, मग चौथा. वेचलेल्या तासातून दुसऱ्यांदा गेलं तर बोंडात काही सापडत नाही. मेसेज मात्र प्रत्येक वेळी खरोखर जातो.

आता एका वेळी पन्नासच नोंदी उचलतो. प्रत्येक घटनेला डीपीचा क्रमांक आणि वेळ मिळून एक ओळख दिली आहे, आणि पाठवून झालं की ती ओळख टिपून ठेवतो. तरी पाठवणं आणि टिपणं यांच्या मधे वीज गेली, तर एखादा मेसेज दुसऱ्यांदा जाईलच. ती फट पूर्ण बुजत नाही. न जाण्यापेक्षा दोनदा गेलेला चालेल, असं मी ठरवलं आहे. दुसरा आला तर तो मोबाइलवर पहिल्याच्या जागी बसतो, पुन्हा वाजत नाही. ‘लाइन गेली’ हा मेसेजही त्याच जागी येऊन ‘आली’ला पुसतो. उशिरा निघालेला ‘आली’ नंतर आलेल्या ‘गेली’वर बसू नये, म्हणून ॲप आतली वेळ ताडून पाहतं. फायरबेस मेसेज पाठवलेल्या क्रमानेच देईल याची हमी नसते.

आता एसएमएसचं. तुमचा मुद्दा अर्धा खरा आहे. नेट नसलेल्या मोबाइलवर आणि साध्या बटणाच्या मोबाइलवर एसएमएस पोचतो. आमच्याकडे अशा मोबाइलची माणसं कमी नाहीत, आणि त्यांच्यापर्यंत आम्ही आजही पोचत नाही. हे मला बोचतं. पण टॉवरच बंद असेल तर एसएमएसही थांबून राहतो आणि टॉवर आला की येतो. तुम्हाला सहाला आलेला मेसेज एसएमएस असता, तरी सहालाच आला असता. मोठ्या प्रमाणावर एसएमएस पाठवायचे तर दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या २०१८च्या नियमांप्रमाणे पाठवणाऱ्याचं नाव आणि मेसेजचा मजकूर आधी नोंदवावा लागतो, आणि प्रत्येक मेसेजला पैसे पडतात ते वेगळेच.

आणि काफ्का कशाला? निव्वळ मेसेज पाठवायला तो नकोच. चाळीस डीप्यांना तो मोठा पडतो, हेही मान्य. पण आपली लाइन कशी येते, ते तुम्हाला मी काय सांगणार. आली, गेली, दोनच फेज आल्या, परत गेली, मग टिकली. प्रत्येक झटक्याला मेसेज गेला तर लोक ॲप काढून टाकतील, आणि त्यांचं बरोबरच असेल. सलग तीन मिनिटं तिन्ही फेज टिकल्या तरच ‘आली’ म्हणायचं, आणि यंत्राकडून काहीच आलं नाही तर तीही बातमी धरायची. हे ठरवायला येणाऱ्या नोंदींवर सतत लक्ष ठेवावं लागतं. नोंदींचा सलग प्रवाह, आणि म्हणून काफ्का, लागतो तो यासाठी. एका डीपीच्या सगळ्या नोंदी काफ्कात एकाच रांगेत जातात, म्हणून ‘आली’ आणि ‘गेली’ यांचा क्रम आमच्याकडे तरी उलटत नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण सांगतो. सगळ्यांच्या पेट्या ‘ऑटो’वर असल्या की लाइन येताच वीसही मोटरी एकदम उठतात आणि डीपी जळते. चालू होताना मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. आमच्या सर्व्हरचंही तसंच व्हायचं. टॉवर आला की शेकडो मोबाइल एकाच क्षणी ‘आत्ता काय आहे?’ विचारायचे. आता प्रत्येक ॲप शून्य ते वीस सेकंदांत कधीतरी विचारतं. मेसेज मात्र एका डीपीवरच्या सगळ्यांना एकदमच पाठवतो. शेजाऱ्याला आधी आणि मला नंतर का, हे भांडण मला गावात लावायचं नाही.

रात्री मोबाइल कोनाड्यात पडून असतो, स्क्रीन बंद, चार्जिंग नाही. अशा वेळी अँड्रॉइड ६पासून मोबाइल गाढ झोपतो आणि साधे मेसेज अडवून ठेवतो. म्हणून ‘आली’ हा मेसेज आता तातडीचा म्हणून पाठवतो. ‘उद्याची पाळी’ मात्र साधाच जातो. दाखवायचं काही नसताना तातडीचे मेसेज पाठवत राहिलं, तर पुढे त्यांची तातडी काढून घेतली जाते. सेटिंगमध्ये जाऊन कुणी ॲप ‘फोर्स स्टॉप’ केलं असेल, तर ते परत उघडेपर्यंत काहीच येत नाही. तिथे माझा इलाज नाही. तुमच्या मोबाइलच्या बॅटरी सेव्हरमधून आपलं ॲप वगळलेलं आहे का, तेवढं पाहून घ्या.

तुमच्या डीपीवर नवीन आवृत्ती कालपासून चालू केली आहे. सोमवारी तुमची पुन्हा रात्रीची पाळी आहे. मीही त्या रात्री जागा राहीन. जागलीला वावरातच असाल, तर पेटीवरचे लाल, पिवळा, निळा हे तिन्ही दिवे लागल्याची वेळ पाहून ठेवा आणि मेसेजातल्या वेळेशी जुळते का ते इथेच लिहा. तीन मिनिटं थांबणं तुम्हाला जास्त वाटलं, तर तेही सांगा.