‘१९३४ची रेलकार आजही जशीच्या तशी धावते’ या फॉरवर्डबद्दल

आमच्या कळव्याच्या सोसायटी ग्रुपवर आठवड्यात तिसऱ्यांदा तोच मेसेज आलाय. गोल नाकाच्या जुन्या ब्रिटिश डिझेल रेलकारचा (म्हणजे वेगळं इंजिन न जोडता स्वतःच धावणाऱ्या डब्याचा) फोटो, आणि खाली लिहिलंय की ही जगातली पहिली डिझेल रेलकार, १९३४ची, तिकडच्या सरकारने जशीच्या तशी जपली म्हणून आजही रोज धावते, आणि आपण मात्र सगळं भंगारात घातलं, आपल्याकडे यातलं काहीच उरलं नाही. मला जुन्या गाड्यांचं वेड आहे हे माहीत असल्यामुळे तिघांनी मलाच टॅग केलं, तर एकदा नीट लिहूनच टाकतो.

पहिली वगैरे नाही. स्वीडनमध्ये डिझेल-इलेक्ट्रिक रेलकार १९१३लाच रुळावर आली होती, आणि आयर्लंडच्या डोनेगलमधल्या नॅरोगेजवर १९३१पासून डिझेल रेलकार होती. फोटोतली गाडी ग्रेट वेस्टर्न रेल्वेची, टोपणनाव ‘फ्लाइंग बनाना’. पण पहिली नसली म्हणून तिची किंमत कमी होत नाही, तिची खरी गंमत वेगळीच आहे. लंडनच्या बस बनवणाऱ्या एईसी कंपनीने आपलं बसचं डिझेल इंजिन रुळावर आणलं, पुढच्या गाड्यांना दोन-दोन इंजिनं लावली आणि १९३४मध्ये बर्मिंगहॅम ते कार्डिफ एक्सप्रेस म्हणून सोडली, आत खाण्यापिण्याचा बुफेसुद्धा होता. लोकांना ती इतकी आवडली की एका डब्यात माणसं मावेनात, शेवटी तिथे इंजिन लावून नेहमीची मोठी गाडी चालवायला लागली. मुंबईच्या लोकलचे नऊ डबे बारा झालेले बघितलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता ‘आजही धावते’चं बघू, कारण मुख्य घोळ इथेच आहे. अशा एकूण ३८ रेलकार बनल्या, १९६२पर्यंत सगळ्या सेवेतून गेल्या, आणि उरल्या फक्त तीन: ४, २० आणि २२ नंबर. १९३४ची ती ४ नंबर, ती स्विंडनच्या म्युझियममध्ये उभी आहे, धावत नाही. २० नंबर इंग्लंडमधली केंट अँड ईस्ट ससेक्स ही बंद पडलेली लाइन वाचवायला निघालेल्या लोकांनी १९६६मध्ये घेतली, त्यांच्याकडे काही वर्षं चाललीसुद्धा, पण नंतर दुरुस्तीसाठी आत गेली ती कित्येक वर्षं आतच. लोकांना बसवून फिरवली गेलेली म्हणून जिचं नाव घेतात ती इंग्लंडमधल्या डिडकोटची २२ नंबर, आणि ती १९४०च्या आसपासची आहे, १९३४ची नाही. फोटो नीट झूम करून बघा. सुरुवातीच्या गाड्यांचं नाक गोल, घसरगुंडीसारखं उतरतं, आणि २०-२२ची बॉडी कोपऱ्या-कोपऱ्यांची, सरळ कापल्यासारखी. म्हणजे फोटो एका गाडीचा आणि कौतुक दुसऱ्याच गाडीचं. आणि रोज तर नाहीच, हौशी लोकांनी जुन्या गाड्यांसाठी चालवलेल्या या हेरिटेज लाइनींवर गाडी ठरलेल्या दिवशीच निघते.

‘सरकारने जपली’ हे वाचून मात्र मला खरंच वाईट वाटतं. ४ नंबर राष्ट्रीय संग्रहात आहे, तेवढं बरोबर. बाकीच्या दोन साध्या माणसांनी वाचवल्या. डिडकोटची जी ग्रेट वेस्टर्न सोसायटी आहे ती १९६१मध्ये साउथॉलच्या चार शाळकरी पोरांनी सुरू केली, एक छोटं वाफेचं इंजिन आणि एक डबा वाचवायचा एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. आणि या रेलकारची इंजिनं बनवणारा एईसीचा कारखानाही साउथॉललाच होता! केंटची ती लाइन १९६१ला पूर्ण बंद झाली, लोक मागे लागले, झगडले, आणि पहिला तुकडा परत सुरू व्हायला १९७४ उजाडलं. तेरा वर्षं. शनिवार-रविवारी येऊन गंज खरवडणाऱ्या लोकांचं श्रेय एका ओळीत सरकारला देऊन टाकणं मला पटत नाही.

‘जशीच्या तशी’ पण नाही हो. चालती गाडी म्हटली की वायरिंग, सीट, पत्रे, ब्रेक, चाकं, एकेक करत बदलावं लागतं, नाहीतर ती चालणारच नाही. काहीच न बदलता ठेवायची असेल तर ती उभीच ठेवावी लागते, आणि ४ नंबर उभीच आहे. दोन्ही जपणंच आहे, फक्त वेगवेगळं.

राहिलं ‘आपल्याकडे काहीच नाही’. कालका-शिमला लाइनवर लंडनच्या ड्रूरी कंपनीच्या रेल मोटरकार आहेत, १९२७च्या काळातल्या, आधी पेट्रोलच्या होत्या, नंतर डिझेलच्या केल्या. म्हणजे त्या फोटोतल्या गाडीपेक्षाही जुन्या! मी बसलोय त्यात. जेमतेम पंधराएक सीट, ड्रायव्हर आपल्यासमोर त्याच डब्यात बसलेला, गिअर पडला की पायाखालची फळी थरथरते, आणि बडोगला नाश्त्याला थांबते. ती अख्खी लाइन २००८पासून युनेस्कोच्या यादीत आहे. आपल्याकडे खूप काही गेलंय हे मान्यच आहे. १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी ओढत आणलेल्या साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांपैकी एकही आज कुठल्या म्युझियममध्ये दिसत नाही, आणि ठाणेकर म्हणून ते मला लागतं. पण गेलं ते गेलं म्हणताना जे आहे तेही नाही म्हणून टाकायचं का?

आणि एक गोष्ट, थोडी विषय सोडून. दिवा-वसई लाइनवर डिझेलची शटल होती ना, आता तिथे विजेची मेमू चालते. दिव्याला ती उभी असायची तेव्हा इंजिनाच्या घरघरीने हातातल्या चहाला बारीक वलयं यायची, भिवंडी रोड, खारबाव, कामण करत निघाली की खिडकीतून डिझेलचा वास आत. तिचा एकही धड फोटो माझ्याकडे नाही. ग्रुपमध्ये कोणाच्या जुन्या अल्बममध्ये असेल, दुसऱ्याच कशाच्या फोटोत मागे चुकून आलेली का असेना, तर स्कॅन करून पाठवा, आणि साधारण कुठल्या वर्षाचा ते फोटोच्या मागे लिहिलं असेल तर त्या बाजूचाही फोटो काढा.