एच. पायलोरी निघाला म्हणजे कॅन्सरच होणार असं नाही
एच. पायलोरी या जठरात राहणाऱ्या जंतूबद्दल एक लेख वाचला, त्यात त्याला कॅन्सरकारक जंतू म्हटलंय ते बरोबरच आहे, १९९४ पासून तो डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संस्थेच्या पहिल्या गटात, म्हणजे माणसात कॅन्सर करू शकतात हे सिद्ध झालेल्या गोष्टींत आहे, पण नुकताच पॉझिटिव्ह रिपोर्ट हातात आलेल्या माणसाने एवढंच वाचलं तर त्याची झोपच उडेल हो. माझी उडाली होती, जरा पोटात जळजळलं की मनात नको नको ते विचार. अब्जावधी लोकांच्या पोटात हा जंतू असतो आणि त्यातल्या शंभरात साधारण एक ते तीन जणांनाच पुढे जठराचा कॅन्सर होतो, तोही कित्येक वर्षांनी. घरात कुणाला जठराचा कॅन्सर झालेला असेल तर मात्र डॉक्टरांना आवर्जून सांगा, वजन उतरतंय किंवा शौचाला काळं होतंय तर एंडोस्कोपी (कॅमेऱ्याच्या नळीने पोटाची तपासणी) टाळू नका. जंतू मारायच्या गोळ्यांनी तोंड कडू होतं, मळमळतं, तरी १४ दिवसांचा कोर्स अर्धवट सोडू नका प्लीज. आणि कोर्स संपल्यावर किमान ४ आठवड्यांनी श्वासाची किंवा शौचाची टेस्ट कराच, त्याआधी २ आठवडे अ‍ॅसिडिटीची गोळी डॉक्टरांना विचारून बंद ठेवा नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. रक्ताच्या टेस्टवर जाऊ नका, जंतू गेला तरी ती बराच काळ पॉझिटिव्हच दाखवते आणि माणूस उगाच घाबरत बसतो.