तोंड उघडून बुक्क्यांचा मार

'रेन मॅन' या सिनेमासाठी टॉम क्रूझला ऑस्करचं नामांकन नव्हतं. एवढं एक वाक्य म्हणायला मंगळवारी मी पाऊण तास धडपडलो आणि ते काही तोंडातून निघालं नाही, म्हणून आधी इथे लिहून मोकळा होतो. नामांकन डस्टिन हॉफमनला होतं, 1989 च्या सोहळ्यात पुरस्कारही त्यालाच मिळाला. टॉम सिनेमात त्याच्या शेजारी होता. विषय संपला.

आता दाढ. खालची, डावीकडची, रूट कॅनालला आलेली. दंतवैद्यांच्या हिशेबात प्रत्येक दाताला नंबर असतो आणि माझ्या दाढेचा निघाला छत्तीस. आतून "छत्तीसला घ्या" अशी हाक आली तेव्हाच आकड्याचा अर्थ ओळखून मी घरी जायला हवं होतं.

खुर्ची मागे कलली. भूल दिली. तोंड मिटू नये म्हणून दातांमध्ये रबराचा ठोकळा, गालात कापसाच्या गुंडाळ्या, जिभेखाली लाळ ओढणारी नळी. अशी जय्यत तयारी झाल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "काय, सिनेमे बघता की नाही?"

बाहेर पस्तीस मिनिटं बसलो होतो हो मी! दोन्ही ओठ शाबूत होते, जीभ माझ्या ताब्यात होती, आणि वाचायला फक्त हिरड्यांच्या रोगांचा तक्ता होता. तेव्हा कुणी विचारलं नाही.

मी "आँ" म्हटलं. त्याचा अर्थ होता, 'बघतो, आणि ऑस्करच्या याद्या मला सालासकट पाठ आहेत.' डॉक्टरांनी तो 'नाही' असा घेतला आणि मला बिगरीपासून शिकवायला सुरुवात केली.

"टॉम क्रूझ तरी माहीत असेलच. त्याचा वरचा दात बघितलाय का कधी? दोन पुढच्या दातांमधली फट नाकाच्या रेषेत हवी ना, तिथे याचा अख्खा एक दात येतो. बरोब्बर मध्यभागी! आणि तरी तो माणूस असा हसतो." इथे डॉक्टर हसून दाखवत असावेत. त्यांच्या तोंडाला मास्क होता, त्यामुळे तो आविष्कार वाया गेला. "2002 मध्ये चाळिशीला टेकलेला असताना त्याने तारा लावून घेतल्या. जगातला एवढा मोठा स्टार, तारा लावून प्रीमियरला! याला म्हणतात जिगर. आणि या माणसाला अभिनयाचं ऑस्कर नाही. तीनदा नामांकन, तीनदा हुलकावणी."

"सर, पण पहिल्या वेळी समोर डॅनिअल डे-लुईस होता," नळी धरलेली मदतनीस मुलगी म्हणाली.

हा वाद त्यांच्यात रोजचा असावा, कारण डॉक्टर कुठल्याही प्रस्तावनेशिवाय उसळले. "मग? टॉमही व्हीलचेअरवरच होता की त्या सिनेमात!"

खरं आहे. 1990 च्या त्या सोहळ्यात डे-लुईस 'माय लेफ्ट फूट'साठी, क्रूझ 'बॉर्न ऑन द फोर्थ ऑफ जुलै'साठी, आणि दोघेही चाकाच्या खुर्चीत. खुर्चीत जखडलेला तिसरा मी, पण माझा कुणी विचार करत नव्हतं.

"सर, तो डाव्या पायाने लिहितो, चित्रं काढतो," असं म्हणताना त्या मुलीने पायाऐवजी हाताने दाखवलं. हातात नळी होती. नळी माझ्या तोंडातून हवेत गेली आणि डे-लुईसची थोरवी पटवून होईपर्यंत मी स्वतःच्याच लाळेत बुडत होतो. सांगायचं म्हणजे मी तिच्या बाजूचा. पण असा पाठीराखा असला की माणसाला शत्रूची गरज उरत नाही.

गालातल्या त्या कापसावरून मला मार्लन ब्रँडो आठवला. 'गॉडफादर'च्या स्क्रीन टेस्टला त्याने गालात कापूस कोंबला होता. पुढे चित्रीकरणासाठी एका दंतवैद्याकडून खास साचा बनवून घेतला, त्याने गाल फुगले, जबडा लोंबला आणि तो आवाज आला. ऑस्कर मिळालं, ते 1973 मध्ये ब्रँडोने नाकारलं. आता बघा, एका दंतवैद्याला ऐकवायला याहून गोड गोष्ट जगात असेल का? दंतवैद्याच्या कामाला अभिनयाचं ऑस्कर! डॉक्टर हर्षवायूने खाली बसले असते. गोष्ट माझ्याकडे होती, कापूसही माझ्याकडेच होता. फक्त तोंड त्यांच्याकडे होतं.

दरम्यान दाढेत सुईसारखी फाइल गेली होती आणि शेजारच्या यंत्रावर तिची खोली मोजणं चाललं होतं. फाइल मुळाच्या टोकाशी आली की ते यंत्र बीप करतं.

"आता टॉमने इन्यारितूबरोबर काम केलंय," डॉक्टर म्हणाले. "ज्याच्या सिनेमात लिओनार्दोने बायसनचं कच्चं लिव्हर खाल्लं आणि 2016 ला ऑस्कर नेलं, तोच दिग्दर्शक. म्हणजे टॉमला मिळणार." बीप. "बघा, मशीनसुद्धा हो म्हणतंय."

मग तो प्रकार घडला. डॉक्टर म्हणाले, "खरं तर 'रेन मॅन'लाच मिळायचं. तेव्हाही नामांकन होतं त्याचं."

"आँ आँ!" मी म्हणालो. मान हलवली. हातही वर केला.

"दुखतंय?" डॉक्टरांचा हात थांबला. "भूल कमी पडली वाटतं." आणि दुसरं इंजेक्शन.

दोन मिनिटांनी मुलगी म्हणाली, "हो सर, 'रेन मॅन'ला दोघांनाही होतं ना?" फितूर! मी पुन्हा "आँ आँ" केलं. तिसरं इंजेक्शन. आता हनुवटी गेली, कान अर्धा गेला, आणि आणखी एकदा मतभेद व्यक्त केला तर मला उचलून न्यावं लागेल हे स्पष्ट दिसत होतं. वर डॉक्टर मला समजावू लागले, "अहो, एवढं काय घाबरता? 'मिशन इम्पॉसिबल'च्या वेळी टॉमने इमारतीवरून उडी मारली, घोटा मोडला, आणि तशाच पायाने पुढे जाऊन शॉट पूर्ण केला. तो शॉट सिनेमात आहे. आणि तुम्ही नुसत्या फाइलने हातपाय झाडताय."

इथे माझी सटकली. टॉमने घोटा मोडला तेव्हा त्याच्या तोंडात ठोकळा होता का? 'हॉफमन एकटाच होता हो' एवढं म्हणायची त्याला चोरी होती का? आणि कळ सोसली म्हणून पुरस्कार द्यायचा, हा कुठला न्याय? कुणी वजन घटवलं, कुणी वाढवलं, कुणी थंडीत कुडकुडला, की चाहते ते मोजमाप घेऊन हजर. 1977 मध्ये बिआट्रिस स्ट्रेटला 'नेटवर्क'मधल्या जेमतेम पाच-सहा मिनिटांच्या कामासाठी साहाय्यक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं. ना उपास, ना उडी. एका खोलीत नवऱ्यासमोर उभी राहून बोलते फक्त. बोलते! बोलण्याची किंमत काय असते, हे मला त्या खुर्चीत कळलं.

पण डॉक्टरांचा खरा हुकमी पत्ता पुढेच होता, आणि तो चांगला होता हे मला आजही खुपतं.

"गंमत सांगू का? हा ज्याच्या शेजारी उभा राहतो त्याला मिळतं. 'कलर ऑफ मनी', पॉल न्यूमन. बिचाऱ्याला आदल्या वर्षीच मानद ऑस्कर देऊन वाटेला लावला होता, तर 1987 मध्ये खरं मिळालं. शेजारी कोण? टॉम. 'रेन मॅन', हॉफमनला. शेजारी कोण? 'जेरी मग्वायर', क्युबा गुडिंग ज्युनियर, साहाय्यक. शेजारी कोण?"

"टॉम," मुलगी भारावून म्हणाली.

मी गप्प. तसा गप्पच होतो, पण हे गप्प निराळं होतं. इतकी वर्षं याद्या पाठ करतोय, तीन नावं अशी एका दोरीत ओवणं मला सुचलं नव्हतं. आणि ज्याने ओवली त्याला 'रेन मॅन'चं नामांकन माहीत नाही! चुकीच्या माणसाला बरोबर मुद्दा सुचतो तेव्हाचा संताप दाढदुखीच्या वरचा.

"शेवटी 2025 च्या नोव्हेंबरात टॉमला मानद दिलं म्हणा," डॉक्टर उसासले. "पण मानद म्हणजे..."

मानद म्हणजे दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत. पीटर ओ'टूल या नटाची सात नामांकनं फुकट गेल्यावर त्याला मानद द्यायचं ठरलं, तर तो म्हणे मी अजून खेळात आहे, थांबा जरा. 2003 मध्ये घेतलं शेवटी. 2007 मध्ये आठवं नामांकन मिळालं, तेही हुकलं. दंतवैद्याच्या खोलीत ही म्हण टाकायची संधी पुन्हा येणार नाही. गेली.

ठोकळा निघाला. मी चूळ भरली, ती निम्मी शर्टावर सांडली. सगळं बळ एकवटून मी वळलो आणि म्हणालो, "रेन ह्यॅनला नाह्यांकन नह्तं."

"हो, हो," डॉक्टर हातमोजे काढत म्हणाले, "अजून दोन-तीन तास जड वाटेल."

"हॉफह्यनला होतं!"

"डाव्या बाजूने काही चावू नका. पुढच्या मंगळवारी या. तेव्हा आपण मेरिल स्ट्रीपवर बोलू. एकवीस नामांकनं आहेत तिची, तुम्हाला माहीत नसेल."

बाहेर काउंटरवरच्या बाईंनी माझ्याकडे बघून न बोलता टिश्यूचा डबा पुढे सरकवला. तो सरकवण्यातला दयाळूपणा मला सगळ्यात लागला.

ओठ रात्री अकराला जागा झाला. मी बाथरूमच्या आरशासमोर उभा राहून ते वाक्य तीनदा म्हटलं, स्वच्छ, प, फ, म सगळ्यांसकट. बाहेरून बायको म्हणाली, "नव्हतं तर नव्हतं. झोपा आता."

पुढच्या मंगळवारसाठी एका कागदावर सगळं मुद्देसूद लिहून ठेवलंय. 'रेन मॅन', ब्रँडोचा साचा, ओ'टूल. कागद शर्टाच्या खिशात ठेवला आणि मग आठवलं, खुर्चीत बसवल्या बसवल्या ते गळ्यात जो निळा कागदी रुमाल अडकवतात तो बरोब्बर खिशावर येतो. हातात धरून बसणार आहे.