मालकाचं उत्तर: त्या दोन किलो शिशाबद्दल

नमस्कार साहेब. आमच्या स्कूबा डायव्हिंगच्या सफरीवरचा तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू आणि "चुकीची वजनं लावली, मी सुसाट वर आलो, इन्स्ट्रक्टरने पाय खेचला" हे वाचलं. ग्रँड आयलंडची बोट पाऊण तास उशिरा सुटली, ती चूक आमची. माफी मागतो. चहा गार होता, तेही मान्य.

पण वजनाचं, म्हणजे पाण्याखाली राहता यावं म्हणून अंगावर लावतात त्या शिशाचं, तेवढं ऐकून घ्या. पुण्याच्या टँकमध्ये चार किलो पुरतात, हे तुम्ही बोटीवर तीनदा सांगितलंत. ते गोडं पाणी. समुद्राचं साधारण २.५ टक्के जड. माणूस आणि सामान मिळून १०० किलो धरले, तरी अडीच किलो इथेच वाढले.

म्हणून तर शिडीपाशी बीसीडी, म्हणजे तरंगायला हवा भरतात ते जाकीट, रिकामी करून, श्वास धरायला लावून तुम्हाला पाण्यात उभं केलं. सात किलोवर पाणी बरोबर डोळ्यांच्या रेषेत आलं. तुम्ही म्हणालात, झालं की, आता आणखी दोन कशाला? कारण पाठीवरची हवेची टाकी तेव्हा २०० बार दाबाने भरलेली होती. ११ लिटरची ॲल्युमिनियमची टाकी ती. काटा ५० वर येईपर्यंत तिच्यातली जवळजवळ दोन किलो हवा संपलेली असते. हवेलाही वजन असतं, साहेब. उतरताना सात पुरतात, परत येताना टाकीच तुम्हाला वर ओढते.

आणि तसंच झालं. वर येताना सुरक्षेसाठी ५ मीटर खोलीवर तीन मिनिटं थांबायचं होतं, तिथे तुम्ही फुग्यासारखे सुटलात. आमच्या इन्स्ट्रक्टर पोराने तुमच्या पायातला फिन धरला नसता तर? ती दोन वजनं नंतर बाकावर तुमच्या टॉवेलखाली निघाली. तांडेलाने उचलून दाखवली तेव्हा तुम्हीही हसलात. रिव्ह्यूत ते कुठेच नाही. वजनांचे आम्ही वेगळे पैसे घेत नाही, की दोन किलो जास्त लावून आमचा फायदा व्हावा.

उडीआधी तुमचे खिसे पुन्हा चाचपायला हवे होते, हे खरं. आता ते बघतो. वेळेचंही काहीतरी करतोय.

पावसात बोट किनाऱ्यावर ओढलेली असते, कमाई काय ती ऑक्टोबर ते मे. फोन करण्याआधी लोक हेच पान वाचतात, म्हणून एवढं लिहिलं. स्टार बदला असं म्हणत नाही.

टॉवेल इथेच राहिलाय. धुऊन ठेवलाय, पत्ता कळवा, पाठवतो.