ड्रम फिरतो, खत फिरत नाही

परसात ओल्या कचऱ्याचं खत करणारा फिरता खतड्रम बसवावा असं वाटणं हा आजार आहे, आणि तो भंगारवाल्याकडच्या २०० लिटरच्या निळ्या ड्रमपासून सुरू होतो. आत पूर्वी काय होतं ते विचारा. ‘काही नाही साहेब, साबणच’ हे उत्तर मी पुरावा म्हणून धरत नाही. खाण्याच्या वस्तूंचा, बंद तोंडाचा ड्रम घ्या. लोणच्याचा वास धुतल्यावर जातो, केमिकलचा जातो की नाही हे कळायला वांगी खावी लागतात.

दोन्ही टोकांच्या बरोबर मध्यभागी ३५ मिमीची भोकं पाडून एक इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप आरपार घाला. केंद्र बोटभर चुकलं तरी ड्रम जड बाजू खाली करून बसतो आणि ढकलणाऱ्याचा अंत पाहतो. नुसत्या प्लास्टिकवर भार दिला की भोक लांबट होत जातं, म्हणून प्रत्येक टोकाला १५ सेंमी चौरस लोखंडी पत्रा चार बोल्टनी आवळा. अर्धा भरलेला ड्रम साठ-सत्तर किलोंचा होतो. तेव्हा आडवा ड्रम पाइपवर पेलणारा स्टँड लोखंडी अँगलचा करा, जुन्या पाटाच्या फळ्यांचा नको. पाइप जमिनीपासून ७५ सेंमी उंच असला की खाली घमेलं मावतं.

दाराचं माप ३०×४० सेंमी. तीन बाजू कापा, मग बिजागऱ्या बसवा आणि चौथी बाजू शेवटी कापा. आधी पूर्ण तुकडा काढलात तर तो आपला बाक बदलतो आणि परत बसायला नकार देतो. कड्या दोन हव्यात. एका कडीच्या दाराचा मोकळा कोपरा वजनाने उघडतो, तोही दार खाली आल्यावर, म्हणजे नेमका तुमच्या पायांवर.

बहुतेक जण इथेच हात झटकतात, आणि खरी गंमत पुढे आहे. आतून गुळगुळीत असलेल्या ड्रममध्ये ओला कचरा उलटत नाही, एकाच गठ्ठ्याने घसरत राहतो. बाहेरून आपण घाम गाळतो, आत तो आरामात पडलेला असतो. ५ सेंमीच्या अॅल्युमिनियम अँगलच्या तीन पट्ट्या आतून समान अंतरावर, ड्रमच्या लांबीच्या दिशेने, स्टेनलेस स्टीलच्या बोल्टनी लावा. त्या कचरा उचलून वरून आपटतात. साधे बोल्ट आतल्या आंबट ओलीत गंजतात. हवेसाठी १० मिमीची चाळीसेक भोकं पाडा आणि आतून बारीक जाळी लावा, नाहीतर चिलटं कुटुंबासह राहायला येतात.

आता स्वयंपाकघर. एक भाग ओल्या कचऱ्याला आकारमानाने दोन-तीन भाग सुका पाला किंवा लाकडाचा भुसा, आणि सुरुवातीला घमेलंभर शेणकाला. घरात हे प्रमाण सगळ्यांना पाठ असतं, पाळत कुणीच नाही, कारण टरबूज रोज येतं आणि पाला फेब्रुवारीतच गळतो. तेव्हा पोती भरून ठेवा. मूठभर माल पिळून एखादा थेंब आला तर ठीक. धार लागली तर जास्त ओलं आहे. मग ड्रम फिरवला की आत लाडू वळले जातात: बाहेरून कोरडे, आतून हवेविना कुजणारे. सडक्या अंड्याचा वास त्यांचाच. ते हाताने फोडायचे आणि भुसा घालायचा. नाकात झोंबणारा वास मात्र अमोनियाचा. त्यालाही सुकंच लागतं.

निर्माल्य टाकताना हारांचे दोरे काढा. पाइपभोवती गुंडाळले जाऊन ते अशी मोळी बांधतात की सोडवायला कात्रीच लागते.

आठवड्यातून दोन-तीनदा, चार-पाच फेरे पुरतात. पहिल्या आठवड्यात पोरं रोज पन्नास फेरे मारतात. त्याने आतली ऊब निघून जाते. आणि ड्रम पाऊण भरला की नवीन कचरा बंद! ‘एवढीच साल’ म्हणत रोज टाकत राहिलं तर खत कधीच तयार होत नाही. यासाठी दुसरा ड्रम लागतो, आणि हा आजार उलटतो तो असा.

दोन-तीन महिन्यांनी चाळा. चाळणीत वर उरलेल्या नारळाच्या शेंड्या आणि आंब्याच्या कोयी नव्या भरतीत टाका. अंगावरच्या जिवाणूंनिशी त्या कामाला लागतात. एखाद्या कोयीला कोंब फुटला असेल तर ती कुंडीत लावून ड्रम बघायला येणाऱ्याला द्या. लोक येतातच, आणि त्यांना खत हवं असतं.