जुनी डिस्क काढण्याआधी : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार.

लॅपटॉपची हार्ड डिस्क बदलण्याआधी रिकव्हरी डिस्क (विंडोज पुन्हा टाकून देणारी डिस्क किंवा पेनड्राइव्ह) मिळवा किंवा बनवून ठेवा, या माझ्या लेखावर तुम्ही बरंच कडक लिहिलंय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : विंडोज मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून कुणालाही उतरवून घेता येतं, लायसन्स मदरबोर्डमध्येच (लॅपटॉपच्या मुख्य सर्किट बोर्डमध्येच) असतं, मग हे रिकव्हरीचं खूळ कशाला? ज्याला तेवढाही व्याप नको त्याने डिस्क सरळ क्लोन करावी, म्हणजे तिची जशीच्या तशी नक्कल नव्या डिस्कवर उतरवावी. आणि कंपनीकडे डिस्क मागायला सांगून मी लोकांना उगाच पैसे भरायला लावतेय. 'हा सल्ला दहा वर्षांपूर्वी ठीक होता,' असंही तुम्ही शेवटी म्हटलंय.

लायसन्सबद्दल तुम्ही म्हणता ते अगदी खरं आहे. विंडोज ८ पासून बहुतेक कंपन्या प्रॉडक्ट की कारखान्यातच मदरबोर्डवरच्या फर्मवेअरमध्ये (तिथे कायम राहणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) लिहून टाकतात. २०१५ मध्ये विंडोज १० आलं आणि त्यात डिजिटल लायसन्सची भर पडली. तेही मुख्यतः मदरबोर्डशी बांधलेलं असतं, त्यामुळे हार्ड डिस्क काढून एसएसडी (नव्या, वेगवान प्रकारची डिस्क) बसवली तरी त्याला धक्का लागत नाही. आधी होती तीच आवृत्ती टाकायची, म्हणजे होम असेल तर होम आणि प्रो असेल तर प्रो, की इंटरनेट जोडल्यावर विंडोज आपलं आपण ॲक्टिव्हेट होतं. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी लोक हक्काचं लायसन्स असताना कुणाकडून तरी क्रॅक केलेलं विंडोज टाकून घेतात, याचं मला फार वाईट वाटतं. त्यामुळे हा मुद्दा तुम्ही ठासून मांडलात ते बरंच झालं.

पण लायसन्स शाबूत आहे म्हणून लॅपटॉप सुरू होईलच असं नाही. माझा सगळा आग्रह आहे तो याच मधल्या टप्प्यासाठी.

समजा, नवी एनव्हीएमई (पट्टीसारखी, मदरबोर्डवरच बसणारी) एसएसडी बसवली. मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने बनवलेला, विंडोज टाकायचा पेनड्राइव्ह लावला. भाषा निवडली, अटी मान्य केल्या आणि 'विंडोज कुठे टाकायचं' हे विचारणारी खिडकी उघडली. यादी रिकामी. खाली एक ओळ, की एकही ड्राइव्ह सापडला नाही. माणसाला वाटतं एसएसडी खराब निघाली किंवा नीट बसली नाही. तो परत स्क्रू काढतो, एसएसडी पुन्हा दाबून बसवतो, पुन्हा तेच. एसएसडीत काहीच बिघाड नसतो. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये व्हीएमडी नावाची, एसएसडी हाताळणारी सोय कारखान्यातूनच चालू करून दिलेली असते आणि तिच्या पलीकडची एसएसडी दिसायला वेगळा स्टोरेज ड्रायव्हर (तो भाग विंडोजला ओळखता यावा म्हणून लागणारं छोटं सॉफ्टवेअर) लागतो. तो इन्स्टॉलरमध्ये नसेल तर यादी रिकामीच राहणार. त्याच खिडकीत 'लोड ड्रायव्हर' असं बटण असतं. कंपनीच्या साइटवरून तो ड्रायव्हर आणून, फाइल उलगडून पेनड्राइव्हवर ठेवलेली असेल तर तिथून तो देता येतो आणि यादीत एसएसडी लगेच उगवते. पण हा ड्रायव्हर उतरवायचा कुठून? ज्या लॅपटॉपवर इंटरनेट होतं तोच तर उघडून ठेवलाय.

हा अडथळा पार झाला तरी पुढे वायफाय आहे. विंडोज ११ होमचा पहिल्यांदाचा सेटअप इंटरनेटशिवाय पुढे सरकू देत नाही. इन्स्टॉलरमध्ये त्या वायफाय कार्डाचा ड्रायव्हर नसेल तर नेटवर्कची यादीही रिकामी, आणि नव्या पातळ लॅपटॉपना लॅनची (वायरने इंटरनेट जोडायची) खाच नसते. ज्यांना यातलं कळतं ते फोन यूएसबीने जोडून मार्ग काढतात. तुम्ही त्यातले आहात हे तुमच्या लिहिण्यावरूनच दिसतं. माझा लेख ज्याला हे कळत नाही आणि ज्याच्याकडे दुसरा कॉम्प्युटर नाही त्याच्यासाठी होता.

कंपनीची रिकव्हरी इथे उपयोगी पडते. तिच्यात त्याच मॉडेलचं विंडोज असतं, त्यात स्टोरेज, वायफाय, टचपॅड, फंक्शन बटणं यांचे ड्रायव्हर आधीच घातलेले असतात. सोबत नको असलेली सॉफ्टवेअरही येतात, त्याचा मलाही वैताग आहे. पण ती नंतर काढता येतात. त्यातल्या त्यात साफ विंडोज हवं असेल तर तुम्ही सांगता तो मार्ग जरूर घ्यावा, मात्र स्टोरेज आणि वायफायचे ड्रायव्हर जुनी डिस्क आत असतानाच उतरवून पेनड्राइव्हवर ठेवावेत. दोन्ही मार्गांत पूर्वतयारी डिस्क काढण्याआधीच करावी लागते, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता क्लोनिंग. डिस्क ठणठणीत असेल तर क्लोनिंग उत्तमच, मीही तेच करते. पण बहुतेकांना डिस्क बदलायची आठवण कधी होते? ती करकरायला लागली, फाइल उघडायला मिनिटं लागायला लागली की. अशा डिस्कवर क्लोन करणारं सॉफ्टवेअर वाचता न येणाऱ्या सेक्टरपाशी (डिस्कच्या छोट्या कप्प्यापाशी) अडतं, किंवा तेवढा भाग सोडून पुढे जातं. नेमकी तिथे विंडोजची एखादी फाइल असली तर क्लोन पूर्ण होऊनही नव्या डिस्कवरून लॅपटॉप सुरू (बूट) होत नाही. शिवाय मरायला टेकलेल्या डिस्कला अथपासून इतिपर्यंत वाचायला लावणं हाच तिच्यावर मोठा ताण असतो. तिथे आधी आपली कागदपत्रं आणि फोटो बाहेर काढावेत, विंडोजचं नंतर बघता येतं.

क्लोननंतर हमखास विचारला जाणारा प्रश्नही इथेच सांगून टाकते. २५६ जीबीची डिस्क १ टीबीवर क्लोन केली, पण सी ड्राइव्ह मोठा होत नाही, 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' हा जागा वाढवायचा पर्याय राखाडीच राहतो, दाबता येत नाही. कारण सी ड्राइव्ह आणि मोकळी जागा यांच्या मध्ये रिकव्हरी पार्टिशन (डिस्कचा रिकव्हरीसाठी राखलेला भाग) बसलेलं असतं आणि विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटला फक्त लागून असलेली जागाच जोडता येते. वैतागून लोक ते पार्टिशन उडवतात, आणि मग बूट होतानाचा दुरुस्तीचा मेनूही जातो. पार्टिशन सरकवणाऱ्या सॉफ्टवेअरने ते शेवटाला नेता येतं. उडवायची गरज नाही. पण ते उडवण्याच्या बेतात असलेल्याच्या हाताशी रिकव्हरीचा पेनड्राइव्ह असेल तर निदान काम अडत नाही. क्लोन केलं म्हणून रिकव्हरीची गरज संपत नाही, कारण नवी डिस्कही कधीतरी जाते.

'दहा वर्षांपूर्वी ठीक होता' याबद्दल. त्या काळचे लॅपटॉप अजून वापरात आहेत, आणि सगळ्यात जास्त पंचाईत त्यांचीच होते. विंडोज ७ च्या काळात कंपनीने टाकलेलं विंडोज बायोसमधली (लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमधली) खूण बघून ॲक्टिव्हेट व्हायचं आणि त्यासाठीची की रिकव्हरी डिस्कमध्येच असायची. लॅपटॉपच्या पोटावरच्या स्टिकरवरची २५ अक्षरांची की वेगळी असते, आणि हाताच्या घामाने ती बरेचदा पुसलेली असते. मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला थांबवला, त्यामुळे रोजच्या इंटरनेटच्या कामासाठी मी ते सुचवणार नाही. पण एखादं जुनं यंत्र किंवा सॉफ्टवेअर फक्त त्यावरच चालतं म्हणून ते जपणारे लोक आहेत. त्यांच्याकडे रिकव्हरी डीव्हीडी नसतील आणि डिस्क बंद पडली तर पुढचा मार्ग फार खडतर असतो. शिवाय त्या काळच्या काही रिकव्हरी डिस्क मूळच्यापेक्षा लहान डिस्कवर उतरायलाच नकार देतात. ५०० जीबीच्या जागी २५६ जीबीची एसएसडी घेणाऱ्याने हे आधीच तपासावं.

कंपन्यांबद्दल तुमचा राग मला पटतो. लॅपटॉपच्या किमतीत विंडोजचे पैसे ग्राहकाने मोजलेले असतात. तरीही डिस्क खोक्यात देणं बंद झालं, तिची जागा त्याच हार्ड डिस्कवरच्या एका पार्टिशनने घेतली आणि डिस्क गेली की रिकव्हरीही गेली. हे ग्राहकावर अन्यायाचंच आहे. पण पैसे भरून डिस्क मागवणं हा मी शेवटचा उपाय म्हणून लिहिला होता. त्याआधी फुकटचे मार्ग आहेत. डेल, एचपी, लेनोवो या कंपन्यांची रिकव्हरी पेनड्राइव्ह बनवणारी टूल आहेत. सर्व्हिस टॅग, सिरियल नंबर किंवा प्रॉडक्ट नंबर दिला की त्या मॉडेलचं विंडोज उतरतं. तो नंबर खालच्या स्टिकरवर किंवा बायोसमध्ये मिळतो, आधीच लिहून ठेवा. फार जुन्या मॉडेलना ही सोय मिळत नाही, म्हणून ज्यांना आज मिळतेय त्यांनी ती आजच वापरावी. मॅकबुकवाल्यांना हा त्रास त्यामानाने कमी आहे, कारण २०११ पासून ॲपलने इंटरनेटवरून रिकव्हरी दिली आहे.

तेही नसेल तर विंडोजमध्येच 'क्रिएट अ रिकव्हरी ड्राइव्ह' आहे. ३२ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. त्यावरचं सगळं पुसलं जाईल. पहिल्याच खिडकीत सिस्टिम फाइलींचा बॅकअप घेण्याची चौकट असते, तिच्यावर बरोबरची खूण हवीच. ती काढलीत तर पेनड्राइव्ह झटकन तयार होतो, पण त्यात फक्त दुरुस्तीची साधनं असतात, विंडोज नसतं, आणि हे कळतं ते रिकामी एसएसडी समोर असताना. खूण ठेवली तर बराच वेळ लागतो, तो लागू द्या. झाल्यावर जुनी डिस्क आत असतानाच त्या पेनड्राइव्हवरून एकदा बूट करा, मेनूपर्यंत जा, ड्राइव्हवरून रिकव्हर करण्याचा पर्याय दिसतोय ना एवढंच बघा आणि काही न निवडता बंद करा. तुमच्या फाइली यात येत नाहीत, त्यांचा बॅकअप वेगळा घ्या.

एक गोष्ट तुमच्या प्रतिक्रियेत नव्हती, पण क्लोन करणाऱ्यांना आणि न करणाऱ्यांनाही लागणारी आहे. आजकाल बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क एन्क्रिप्शन (डिस्कवरची माहिती कुलूपबंद ठेवणं) आपोआप चालू असतं. अशी डिस्क बाहेर काढून यूएसबीने दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली की ती ४८ आकडी बिटलॉकर (विंडोजचं एन्क्रिप्शन) रिकव्हरी की मागते. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. जुनी डिस्क काढण्याआधी खात्यात जाऊन ती दिसते का बघा, कागदावर उतरवून घ्या, आणि नव्या डिस्कवर सगळं नीट चालतंय याची खात्री होईपर्यंत जुनी डिस्क फॉरमॅट करू नका.