तेलानं कवटी सुटत नाही, काका

ताईच्या आठ महिन्यांच्या लेकाच्या कवटीच्या ऑपरेशनची तारीख ठरली आणि त्याच रात्री त्यांच्या खारीगावच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांचा मेसेज फिरला: ‘जन्मजात आजाराच्या बाळाचं डोकं उघडू नका, मेंदूची नस ओढली जाऊन डोळे जागा सोडतात. ग्रहण न पाळल्यानं असं होतं. खोबरेल तेलानं चोळा, कवटी मोकळी होते. तिरळा झाला तर नशीबवान.’ सकाळी ताईचा फोन, ‘तारीख पुढे ढकलू का रे?’

आधी तेल, कारण घात तिथेच आहे. भाच्याला क्रूझॉन सिंड्रोम आहे. या जन्मजात आजारात कवटीच्या हाडांमधल्या शिवणी वेळेआधीच बुजतात. सांधलेलं हाड मालिशवालीनं कितीही जोर लावला तरी सुटत नाही. आत मेंदू वाढतोय आणि जागा नाही. दाब वाढला की डोळ्यामागची नस सुजते, नजर जाऊ शकते, आणि एवढं बाळ सांगणार तरी काय? त्यात डोळ्यांची खोबण उथळ, डोळे बटबटीत, झोपेतही पापण्या पुरत्या मिटत नाहीत. बुबुळ कोरडं पडू नये म्हणून ताई रोज रात्री मलम घालते. काकांनी एकदा येऊन बघावं.

नस ओढण्याचं म्हणाल तर यात मेंदू कापतच नाहीत. कपाळाचं हाड आणि खोबणीची वरची कड सुटी करून पुढे बसवतात.

ग्रहण? या आजारामागचा एफजीएफआर२ जनुकातला बदल १९९४ सालीच ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये छापून आलाय. तो आई किंवा वडिलांकडून येतो, नाहीतर नव्यानं होतो. नव्यानं झालेला बहुधा बापाच्या बीजातून आलेला असतो. सुनेला बोल लावणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

एक गोष्ट नाइलाजानं कबूल करतो. ऑपरेशननंतर डोळ्यांची ठेवण बदलते. हाड पुढे आल्यावर डोळे तितके बाहेर दिसत नाहीत. तेच तर हवं असतं. काही मुलांचा तिरळेपणा मात्र नव्यानं दिसतो किंवा वाढतो. पण या आजारात खोबणीच मुळात फिरलेल्या असतात, त्यामुळे स्नायूंची ओढ तिरकी पडते आणि ऑपरेशनआधीही तिरळेपणा सर्रास आढळतो. त्यात नशीब कसलं? तिरळेपणा तसाच राहिला तर मेंदू एका डोळ्याचं चित्र घेणंच सोडू शकतो आणि तो डोळा आळशी होतो. त्यावर उपाय म्हणून पट्टी असते, चष्मा असतो, पुढे स्नायूंचं ऑपरेशनही असतं.

ताईला म्हटलं, तारीख तीच राहू दे. डॉक्टरांना फक्त विचार, नंतर डोळे पहिल्यांदा कधी तपासायचे.